पातळ काच

हार्लन ब्रुगमन,
तुझ्या कॉलेजचं मैदान तू आखायचास, आमचं मी.
मध्ये अडतीस मैल मका
आणि एकच पेट्रोल पंप,
जिथे दोन्ही रंगांच्या टोप्या
एकमेकींकडे पाठ करून कॉफी प्यायच्या.

आठ संघ होते तेव्हा.
आठ म्हणजे सात सामने, प्रत्येकाशी एक.
पंगतीत कुणी उपाशी नाही,
कुणी दोनदा वाढून घेत नाही.
कुणाचा क्वार्टरबॅक डावखुरा,
कुठल्या गावचा वारा किक उजवीकडे ढकलतो,
कुणाच्या बसचा ड्रायव्हर पार्किंगमध्ये घोरतो,
सगळं पाठ.
आणि नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार तुमचा.

एकाहत्तर साली तुम्ही रात्रीतून येऊन
आमच्या पन्नास यार्डांच्या रेघेवर मीठ ओतलंत.
तीन वर्षं गवत नाही.
मी तिथे हिरवा रंग फासायचो, तुला शिव्या घालत.
पुढे तुझी आई गेली, तेव्हा बर्फातून गाडी हाकत
चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसलो.
तू पाहिलंस. मान हलवली नाहीस.
बरोबर केलंस.

मग दहा झाले. ठीक, दहा.
बारा झाले, दोन तुकड्या पडल्या.
चौदा झाले तेव्हा टीव्हीवाले आले,
बुटांना चिखल न लागू देता मैदान बघून गेले.
आता अठरा. नावात मात्र अजून आठच.
अठरापगड मांडव,
वऱ्हाड कुणाचं, जेवतंय कोण, पत्ता नाही.
परवा आमची पोरं विमानानं समुद्रकाठी खेळायला गेली.
तिथल्या संघाच्या झेंड्यावर कसलासा मासा आहे.
माशाशी काय वैर धरू?
सहा वर्षांतून एकदा भेटणाऱ्याचं
फार तर नाव विसरतो माणूस.
वैराला बांधाला बांध लागतो, हार्लन,
निदान एक सामाईक पेट्रोल पंप.

आपला सामना वेळापत्रकातून गळला
शर्टाचं बटण गळावं तसा.
वाकून कुणी शोधलासुद्धा नाही.
शेवटचा आम्ही जिंकलो होतो, तीन गुणांनी,
म्हणून ती पोचे पडलेली दुधाची कॅन
चार वर्षं आमच्या काचेच्या कपाटात.
जिंकलेली कसली,
नुसती उरलेली.
मी दर शुक्रवारी पुसायचो.

या सोमवारी दार उघडतो तर
कपाट फुटलेलं. कॅन नाही.
फरशीभर चिखल,
आणि चिखलात डावा पाय ओढत गेल्याची
लांबलचक रेघ.

सत्त्याहत्तराव्या वर्षी, गाढवा!

शेरीफचा पोऱ्या वही काढून विचारत होता,
कुणावर संशय?
म्हटलं, छे, कुणावर असणार.

काच नवी बसवून घेतली आहे. पातळ.
आणि तुझ्या अवजारांच्या खोलीला
मागून एक खिडकी आहे असं ऐकतो.
तिचं माप मिळालं की
शिडी बघतो.