नऊ इंच बाय दहा फूट

बारा संगणक, त्यांतले सात चालू
आणि नववी-बची एकेचाळीस पोरं.
एका माउसवर तीन हात.
एप्रिलातलं सोलापूर,
खिडकीच्या गजाला बोट लावलं तर पोळतं.

मी मूळचा चित्रकलेचा मास्तर.
वीस वर्षं मडकं, वांगं, फुलदाणी.
मुख्याध्यापक म्हणाले, "आता डिझाइन शिकवा, कोनापुरे सर,
काळ बदललाय."
बदलला होता खरा. मला फक्त
फाइल सेव्ह कुठे झाली ते सापडत नव्हतं.

शोधून दिली तौसीफ बागवानने.
तो संध्याकाळी सात रस्त्यावर फ्लेक्सच्या दुकानात बसतो.
केसांची कड न तोडता चेहरा कसा कापायचा,
भावी नगरसेवकाला किती उजळ करायचं
("थोडंच सर, जास्त केलं तर आईपण ओळखत नाही")
सगळं त्याच्या बोटांत.
मी फळ्यावर 'समतोल' लिहिलं.
तो म्हणाला, "आमच्याकडं समतोल म्हणजे
साहेब मोठे, बाकी सगळे पासपोर्ट साइज."

तेव्हा मी पुस्तक मिटलं. म्हटलं,
ज्याचा फ्लेक्स कधीच कुठल्या चौकात लागला नाही
त्याचा फ्लेक्स करा.

दुकानाच्या मालकाने कापड फुकट दिलं, पण उरलेलं:
मोठ्या बॅनरच्या कडेची पट्टी,
नऊ इंच रुंद, दहा फूट लांब.
यात माणूस मावायचा कसा?
वर्ग गप्प.
असल्या गप्पपणाला मी आजवर शिस्त म्हणत आलो.

तिसऱ्या बाकावरून नागमणी म्याकल:
"सर, किनार मावते की."

दुसऱ्या दिवशी काखेत आलेखाच्या कागदाची गुंडाळी.
तिचे वडील चादरीची नक्षी भरतात,
एक चौकोन, एक धागा,
लाल पेन्सिलीने.
मोराची मान पायऱ्यापायऱ्यांची.
मी पडद्यावरचा माझा गुळगुळीत मोर मोठा करत गेलो,
बत्तीसशे टक्के,
तर तिथंही पायऱ्याच.
"नान्ना म्हणतात, जवळून बघू नका.
पांघरून बघा."

पण तिने मोर काढला नाही.
तिने विडी काढली.
एकीशेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी,
हजार काढायच्या,
हजार म्हणजे अम्माचा एक दिवस.
तौसीफ हसला, "येडी का तू?
एक काढ, नऊशे नव्याण्णव चिकटव."
ती म्हणाली, "एकसारख्या होतात होय कधी?
छाटात जातात त्यापण काढायच्यात."
कुठलं पान जरा फाटकं, कुठला दोरा सैल,
एका विडीवर नुसताच अंगठ्याचा डाग.

चारशे बारावर लाइट गेली.
सेव्ह नव्हतं.
मी रागवायला तोंड उघडलं
आणि मला माझ्याच हरवलेल्या फायली आठवल्या.
लाइट आल्यावर तिने पुन्हा पहिली विडी काढली.

एक मेला, निकालाच्या दिवशी,
पट्टी वऱ्हांड्याच्या कठड्याला आडवी बांधली.
येणारा प्रत्येक पालक विचारायचा,
"वाढदिवस कुणाचा?"
तौसीफ सांगायचा, "कुणाचाच नाय, काका."
आणि ते जास्तच वेळ बघत राहायचे.

नागमणीची आई निकाल घ्यायला आली.
बोटांची टोकं तंबाखूने तपकिरी.
ती लांब उभी राहिली नाही,
मी सांगितलं तसं डोळे बारीक करून बघितलं नाही.
सरळ डाव्या टोकाला गेली, बोट ठेवलं,
ओकटी, रेंडू, मूडू...
रांग संपली, प्रगतिपुस्तकं संपली,
शिपाई कुलूप घेऊन ताटकळला,
तिचं मोजणं चालूच.

शेवटच्या विडीवर बोट थांबलं.
"सहाशे त्रेचाळीस," ती लेकीला म्हणाली.
"कमी आहेत. मजुरी कापतील."

"लाइट गेली होती, अम्मा."