केसाएवढी रेघ

डांडिया बाजारात, जिन्याखालच्या छापखान्यात
खिळ्यांच्या सगळ्या केसांत
एकच केस कुलपात असे:
बोडोनी, छत्तीस पॉइंट.
"हात धुऊन ये, मग बोल,"
त्र्यंबक दिघे म्हणायचे.

पहिल्यांदा तळहातावर ठेवला तो एन.
दोन उभ्या रेघा, जवळजवळ नाहीतच,
आणि त्यांच्यामधून रेललेला एक जाडजूड तिरका,
लग्नघरात लोडाला टेकलेल्या मामासारखा.
"घर कुणी धरलंय, सांग."
मी मामाकडे बोट केलं.
त्या दिवशी सगळ्यांचा चहा मलाच आणावा लागला.

जाड-बारीक आपल्यातही आहे,
पण ते बोरूच्या कापाचं,
मनगट वळलं की आपसूक उतरतं.
हा कुणी हातानं लिहिलेलाच नाही.
जाडातून बारकात जाताना मध्ये उतार नाही,
अंधारात पायरी चुकावी तसा एकदम खाली.
शेजारच्या केसेत गुजराती खिळे
बोडक्या डोक्यानं मजेत पडलेले,
आणि हा भर उन्हाळ्यात
गळ्यापर्यंत गुंड्या लावून.

लग्नपत्रिकेला चाले, त्यातही फक्त नावांना.
विलायतेहून डॉक्टर परतले की त्यांच्या लेटरहेडला.
हँडबिलाला कुणी मागितला
तर दिघ्यांना ऐकू यायचं नाही.
खरखरीत कागद याची बारीक रेघ खातो,
शाई जास्त झाली की ती बुडते,
आणि लहान केला तर वाचणारा डोळे चोळतो.
"भोवती जागा सोड. अजून. अजून.
कागद मालकाचा आहे, तुझ्या बापाचा नाही."

सत्त्याऐंशी साली त्या एनची एक रेघ तुटली.
नवा मागवायला फाउंड्रीच उरली नव्हती.
वैशाखात त्यांच्या नीरजाचं लग्न.
दिघ्यांनी तुटकाच एन जुळवला,
आणि दोनशे दहा पत्रिकांवर
चष्मा कपाळावर, श्वास धरून
टाकानं एकेक रेघ ओढली.
मी वाळवत होतो, दोरीवर, चिमट्यांनी.
कुठली छापलेली, कुठली ओढलेली
व्याह्यांना कळलं नाही.
मला अजून कळतं.

आता मी अलकापुरीत पाट्या करतो.
परवा एका सराफाला हेच अक्षर हवं होतं,
चार फुटी, आतून पेटणारं.
पोरगा म्हणाला, बारीक भागात एलईडी मावत नाही,
जाड करून टाकू का?
"हात धुऊन ये," मी म्हणालो.
तो खरंच धुऊन आला,
आणि पुढे काय सांगायचं ते मला आठवेना.

रात्री रस्त्यापलीकडून पाहिलं.
पेटले होते नुसते जाड भाग.
एन म्हणजे हवेत, कशाचाही टेकू नसलेला
एक तिरका.
लोक नाव वाचून आत जात होते, बिनदिक्कत.
मी फुटपाथवर उभा,
खिशातल्या पेनाचं टोपण काढून.