माया

टेपवर माझी कंबर आता शेहेचाळीस.
मल्हारगंजात दुकान, वर पाटी: पतंगे टेलर्स,
आत मी, स्टुलावर. स्टूल नवं.
जुन्याचं लाकूड कच्चं होतं, असं मी सांगतो.

थोरला भाऊ दामोदर. एकाच ताटात वाढलो.
सकाळी पोहे, वर शेव, शेवेवर आणखी शेव,
रात्री माझी उरलेली पोळीही त्याचीच.
कंबर एकोणतीस. लग्नातली पँट अजून सैल होते.
आई त्याला म्हणायची, खा रे जरा.
मला म्हणायची, पुरे आता.
चाळीस वर्षं ही दोन वाक्यं
आमच्या शेजारी पाट मांडून जेवली.

परवा भाची आली, यामिनी.
मेडिकल कॉलेजात उंदरांची आतडी बघते.
पांढरा कोट शिवायचा होता.
खांदे मोजताना म्हणाली, मामा,
तुझ्या पोटात तू एकटा नाहीस.
मी म्हटलं, हे तर सगळं इंदूर म्हणतं.
हसली नाही. म्हणाली, जंतू. अब्जावधी.
तुला न पचलेला चोथा ते आंबवतात,
त्यातूनही ऊब काढतात,
आणि ती जमा होते तुझ्या खात्यावर.
लठ्ठ उंदराचे जंतू
निर्जंतुक वाढवलेल्या उंदराला दिले,
तर खाणं न वाढवताही तो चरबी धरू लागला.
माणसाचं अजून इतकं पक्कं नाही हं, मामा.
शेव तर सोडच.

मी मान हलवली, खडूनं रेघ मारली.
पण मला ते कळलं माझ्या धंद्यातून.
दुकानामागे एक खोली असते, बिनखिडकीची,
तिथे कारागीर बसतात. गिऱ्हाइकाला दिसत नाहीत.
कुणाकडे कातरण झाडून बाहेर जातं.
माझ्याकडचे चिंधीही टाकत नाहीत.
वाटाण्याचं साल, पेरूची बी,
भुट्ट्याच्या दाण्याचा पापुद्रा,
सगळं जोडत जोडत
त्यांनी माझ्या कमरेभोवती गोधडी शिवली.
कुणी ऑर्डर दिली नव्हती.
थंडीही नव्हती.

मग टायफॉइडचं वर्ष आठवलं. सातवीत होतो.
लाल-काळ्या कॅप्सूल, दिवसाला चार.
ताप गेला. त्याच्याबरोबर आणखी कोण कोण गेलं
याची कुणी हजेरी घेतली नाही.
पुढे मिल बंद पडल्या तेव्हा असंच पाहिलं:
भोंगा थांबला, माणसं वाटेला लागली,
आणि त्यांच्या खोल्यांत
दुसरे येऊन राहिले, दुसऱ्या सवयींचे.

त्याच वर्षी दिवाळीआधी माझी खाकी चड्डी
मागून फाटली, भर प्रार्थनेत.
दोन्हींचा संबंध असेलच असं नाही.
पण वडिलांनी काय केलं ते सांगतो.
ओरडले नाहीत. चष्मा लावला,
आतल्या शिवणीत दोन बोटं कापड दुमडलेलं होतं
ते मोकळं केलं.
याला आमच्यात माया म्हणतात.
माया ठेवली नाही, म्हणाले,
की कपडा माणसाला दोष देतो.

दामोदरच्या कपड्यांना मी कधी माया ठेवली नाही.
कापड वाचतं.
आज पहिल्यांदा वाटलं, त्यालाही कुणी
विचारायला हवं होतं, बाबा रे,
तुझं खाल्लेलं सगळं जातं कुठे?

यामिनीच्या कोटाला मात्र तीन बोटं ठेवली.
एवढी कशाला मामा, म्हणाली, मी वाढणार आहे का?
मी म्हटलं, तुझं अजून इतकं पक्कं नाही.
आता हसली.

रात्री शटर ओढून पायरीवर बसतो.
शेवेचा पुडा दामोदरकडे पाठवला.
(अर्धा.)
हातात भाजलेला भुट्टा,
दाणा न् दाणा सावकाश चावतो, सालासकट.
मिलवाल्यांची थकबाकी किती वर्षं रखडली
हे या गल्लीला ठाऊक आहे.
माझ्या लोकांचा पगार तरी वेळेवर जावा.

आत खोल कुठेतरी गुरगुरतं.
पाळी बदलली असावी.