बरोबरी सुटेना तेव्हा

दर गुरुवारी साडेआठला
'तीन हेरिंग'च्या मागच्या खोलीत
रूलांट चष्मा कपाळावर सरकवतो
आणि युरोप विचारायला घेतो.

चार राजधान्यांतून वाहणारी नदी?
डॅन्यूब. हे तर शेंबडं पोरही सांगेल.
व्हायोलिनचं पोट कुठल्या लाकडाचं, पाठ कुठल्या?
पोट स्प्रूसचं, पाठ मेपलची.
आखील सांगतो. चाळीस वर्षं शवपेट्या केल्यात त्याने,
अजूनही टेबल आधी बोटाने वाजवून बघतो,
मग त्यावर ग्लास ठेवतो.
शब्द नसलेलं राष्ट्रगीत?
स्पेनचं! फिर्मां उभा राहतो,
टोपी काढून ते अख्खं गुणगुणतो,
सूर चुकीचा, मान ताठ,
आणि त्याबद्दल अर्धा गुण जास्त मागतो.
मिळत नाही. कधीच मिळालेला नाही.

चीजचे तुकडे, मोहरी, फेसाच्या मिशा.
अकरा वाजता पाटीवर
आम्ही एकतीस, पोस्टवाले एकतीस.
खुंटीवरचा हॅम दोन्ही टेबलांकडे
सारख्याच थंडपणे बघतोय.

रूलांटने खिशातून शेवटचं कार्ड काढलं.
"आपल्या चर्चच्या मनोऱ्याला पायऱ्या किती?
जवळचा आकडा जिंकेल."

शांतता.
लिस्बनच्या ट्राम ज्यांना पाठ,
प्रागच्या पुलावरचे पुतळे जे डावीकडून मोजतात,
ते सगळे छताकडे बघायला लागले,
जणू मनोरा तिथे उलटा टांगलाय.
काखेत कळसा म्हणतात,
इथे तर डोक्यावर अख्खा कळस,
दर पाव तासाला घंटा वाजवून
मी इथे आहे म्हणणारा.

वानेस म्हणाला दोनशे. कुणी म्हणालं नव्वद.
मग सगळ्यांच्या माना एकदम वळल्या
कोपऱ्यातल्या खोडेलीव्हकडे.
सव्वीस वर्षं दर शनिवारी
मनोरा तीच तर झाडते.

तिने विणकाम खाली ठेवलं नाही.
"मी झाडते," ती म्हणाली. "मोजत नाही.
तिसऱ्या वळणावर एक पायरी खचलीय,
तिथे उजवा पाय द्यायचा नाही.
पुढे ओल लागते, भिंत धरायची.
मग कबुतरांचा वास. मग वारा.
वारा आला की झालं."

"हे उत्तर नाही," रूलांट म्हणाला.
"मग किल्ली घ्या," ती म्हणाली.

नोव्हेंबर, नदीवरून आलेलं धुकं,
ओव्हरकोटांची एक वरात चौकातून निघाली,
मागून हॅमही आणला,
त्याच्यावर नजर हवी म्हणून.

वानेस वरून ओरडला: एकशे एकाहत्तर!
पोस्टवाल्यांचा योरिस: एकशे अडुसष्ट!
उंबरठा धरायचा की नाही,
खचलेली पायरी एक की अर्धी,
यावर घंटेखाली असं भांडण पेटलं
की बारा वाजले आणि कुणाला कुणाचं
एक अक्षर ऐकू आलं नाही.

फिर्मां वर पोचलाच नाही.
चौऱ्याण्णवपर्यंत मोजलं,
मग दम लागला म्हणून भिंतीतल्या फटीशी बसला.
मी खाली उतरताना तो तिथेच होता.
"बघ," म्हणाला.
धुक्यातून एक पिवळी चौकट दिसत होती,
त्याच्याच स्वयंपाकघराची.
बाई गेल्यापासून तो दिवा रात्रभर जळतो,
विजेच्या बिलावरून मुलगी ओरडते.
"इतकी वर्षं," तो म्हणाला,
"हे घर बाहेरून कसं दिसतं
कुणी विचारलंच नाही मला."

कार्डावर काय लिहिलं होतं?
एकशे चौसष्ट. रूलांटच्या बापाने लिहिलेलं,
आणि तोही, नंतर कळलं, कधी वर चढला नव्हता.
हॅम दोन्ही टेबलांनी मिळून संपवला,
चाकू आखीलने धरला, जाडी एकसारखी.

पुढच्या गुरुवारी पहिला प्रश्न
सीमारेषा घराच्या दारातून जाते
अशा गावाचा होता.
उत्तर सगळ्यांना येत होतं.
खोडेलीव्हने एक टाका उसवला,
ओठ हलवत पुन्हा मोजायला लागली,
आणि आम्ही, का कोण जाणे,
ती थांबेपर्यंत
कुणीच बोललो नाही.