सव्वा तास
(डबका, बडोद्याजवळ)

सव्वा तास मिळतो, शनाभाई म्हणतात,
मग मही उलटी फिरते.

चपला काठावर. घोट्याच्या वर चिखल.
दात घासायचा जुना ब्रश, पिठाची चाळण,
आणि प्रमोदिनीमावशी:
"ओला दगड खोटं बोलतो गं,
वाळू दे, मग भाव कर."

तरी मी ओलेच उचलते.
अकीक म्हणून चार,
चारही बाटलीच्या काचा.
पाचवा नुसता दगड, पण
त्यात एक शिंपला, अर्धा उघडा,
दार लावायचं राहून गेल्यासारखा.

"पाणी!" शनाभाई ओरडतात.
वळते तर माझ्याच पावलांच्या खळग्यांत
खाडी येऊन बसलेली.

बसमध्ये तो ओढणीत वाळला,
करडा, साधा झाला.
मावशींनी हातात घेतला.
भाव काही केला नाही.
पादरा आलं तेव्हा म्हणाल्या,
चहा घेऊ.