उजवा डोळा म्हणजे क्लिक

वाल्पाराइसोच्या टेकडीवरच्या दोनशे पायऱ्या चढून
रायेन आली, धापा टाकत.
पडद्याखाली काळी पट्टी चिकटवली
आणि म्हणाली, आता नऊ ठिपके बघायचे,
एकामागून एक. डोकं हलवू नका.
एवारिस्तोला हसू आलं असणार.
डोकं हलवणं त्यानं दीड वर्षापूर्वीच सोडलंय.

तेहतीस वर्षं बंदरात क्रेन चालवली.
चाळीस मीटर उंचीवरून कंटेनर असा टेकवायचा
की खाली कुणाच्या कपातला चहा हिंदकळू नये.
आता नजरेनं एकेक अक्षर उचलतो,
वरच्या ओळीत नेऊन ठेवतो.
पहिलं वाक्य: चहा निवतोय.
दोन शब्द, अकरा मिनिटं.
तोवर निवलाच.

अवघड गोष्ट वेगळीच आहे.
जिथं नजर थांबेल, तिथं काहीतरी घडतं.
बघणं म्हणजे बोट लावणं.
उगीच बघणं या यंत्राला कळत नाही,
कानाडोळा तर त्याच्या गावीही नाही.
परवा पडद्यावर माशी बसली.
ती चालली तसा तो तिच्या मागं मागं गेला,
आणि यंत्र खणखणीत आवाजात बोललं:
पपलढू ऊझ ग.
मी ते वहीत उतरवून ठेवलंय.
शब्द माशीचे, पण वेळ त्याचा गेलाय.

उजवा डोळा मिटला की क्लिक, असं रायेननं ठरवून दिलं.
तिला काय माहीत,
बेचाळीस वर्षांपूर्वी मासळीच्या लिलावात,
हातात ओला काँगर घेऊन उभी असताना
मला कुठल्या डोळ्यानं फसवलं ते.

काल रात्री औषध देऊन वळले
तर यानं डोळा मारला.
या वयात, पायजम्याची नाडी मी बांधून दिलेली असताना.
मी हसेपर्यंत
अंतोफागास्ताला थोरल्याचा फोन वाजत होता.
सव्वाबारा वाजलेले.
आई, काय झालं? बाबांना काय झालं?
काय सांगणार.
काही नाही रे, म्हटलं. तुझ्या बापानं डोळा मारला.
पलीकडे बराच वेळ
नुसता श्वास.
मग म्हणाला, तुला?
नाहीतर कुणाला, मेल्या.

हल्ली झोपायच्या आधी
मी त्या काळ्या पट्टीवर भांडी पुसायचं फडकं टाकते.
यंत्र म्हणतं, डोळे सापडत नाहीत.
म्हणू दे.
आम्ही बघत बसतो.
काही उघडत नाही, काही मिटत नाही,
कुणाला फोन लागत नाही.