तीन दिवस तोच आकडा

बुडबुडे थांबले मंगळवारी.
पोर्ट चाल्मर्सला जुलै म्हणजे हाडं गोठवणारी थंडी.
कपडे धुवायच्या खोलीत बादली, भोवती
केनेथचा जुना लोकरी कोट गुंडाळलेला,
झाकणावरच्या एअरलॉकमधलं पाणी निपचित.

बुडबुड्यांच्या बोलण्यावर जाऊ नये.
गारठले की गप्प बसतात,
हीटर लावला की पुन्हा तोंड उघडतात,
आत आंबायचं काही उरलेलं नसलं तरी.

मागच्या वर्षी मी त्यांचं ऐकलं.
गुडघ्याला बाशिंग बांधून बाटल्या भरल्या,
साखर घातली, बुचं ठोकली,
आणि आम्हा दोघींच्या शेडमध्ये,
बाबांच्या बोटीच्या शिडाखाली नेऊन ठेवल्या.
रात्री दोनला पहिली फुटली.
मग दुसरी.
मग मोजणं सोडलं.
सकाळी ऊना शिडातून काचा वेचत होती.
आधीच विरलं होतं ते, मी म्हणाले.
ती काहीच म्हणाली नाही,
आणि ते काहीच न म्हणणं
तिनं अकरा महिने चालवलं.
कुंपणापलीकडेच घर तिचं.
तिच्या चिमणीचा धूर माझ्या दोरीवरच्या चादरींना लागतो.

म्हणून यंदा आकडा.
हायड्रोमीटर: काचेची नळी, बुडाशी शिशाचे दाणे.
साखर असेतो ती मान वर काढून तरंगते,
साखर सरली की बुडत जाते,
आणि एका जागी ठरते.
सोमवारी १०१६.
बुधवारी १०१२.
गुरुवारीही तेच.
शुक्रवारी धुताना निसटली हातातून.
बेसिनच्या कडेला
एवढासाच आवाज.

दुसरी नळी या गल्लीत एकाच घरी होती.

ऊना आली. कोट काढला नाही.
नळी सोडली, खाली वाकली,
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाली, १०१४.
तुझी जास्त दाखवते, मी म्हणाले.
तुझी कमी दाखवत असेल.
साध्या पाण्यात घालून बघितली:
तिची बरोबर हजारावर.
माझी कचऱ्याच्या डब्यात,
तिची साक्ष कोण काढणार?

तीन दिवस, ऊना म्हणाली, एकाच नळीनं.
आधीचं धरायचं नाही.

शनिवारी १०१४.
कोट खुर्चीच्या पाठीवर.
माझा चहा अजून कडूच असतो, असं तिचं मत पडलं.
शिडाचं काय केलंस, मी विचारलं,
नळीकडे बघत.
शिवलं, तीही नळीकडेच बघत म्हणाली.
थोडं आखडलंय.

रविवारी चीज स्कोन घेऊन आली, फडक्यात, गरम.
१०१४.
नमुन्याची बिअर दोन कपांत वाटून घेतली:
कोमट, फेस नाही,
पावाच्या कडेसारखी चव,
गोडीचा मागमूस नाही.
झालीय, मी म्हणाले.
बाटल्या खालीच आहेत.
तिनं कप पालथा घातला, नळी धुतली,
पुसली, डब्यात ठेवली,
आणि डबा माझ्याच खिडकीत सरकवला.
अजून एक दिवस थांब, म्हणाली.

बाहेर पडताना दार जरा जोरातच लागलं.
एअरलॉकमध्ये एक बुडबुडा उठला.
मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.